इतिहास, आठवणी आणि रहस्यकथा : मुलांना 'कशावरून?' विचारायला शिकवणारी पुस्तकं



15 ऑक्टोबरला आपल्या सगळ्या शाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. डॉ. कलामांच्या फोटोला हार घातला जातो, पुस्तकं टेबलावर मांडली जातात, मुलं रांगेत बसून वाचतात, फोटो निघतात, अहवाल जातो. दुसऱ्या दिवशी पुस्तकं मोजून परत कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. कुणाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. एक पुस्तक हरवलं तर ते नोंदवहीत कसं दाखवायचं, ही धास्ती ज्याच्याकडे ग्रंथालयाचा चार्ज असतो त्यालाच कळते. पण कुलूप हा अर्धाच प्रश्न आहे. कपाट उघडलं तरी मुलाने हात लावावा असं आत काय आहे, हा उरलेला अर्धा.

बहुतेक कपाटांत थोरामोठ्यांची बत्तीस पानी चरित्रं असतात, बोधकथा असतात, सामान्यज्ञानाची आणि निबंधांची पुस्तकं असतात. ती असायला हरकत नाही. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि मुलाने ते फक्त मान्य करायचं असतं. 'यावरून आपल्याला काय बोध मिळतो?' असं आपण विचारतो, मूल अपेक्षित वाक्य म्हणतं, आपण पुढे जातो.

माझं म्हणणं असं की सहावी ते दहावीच्या मुलांसाठी शाळेत आणि घरात तीन प्रकारची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवावीत : इतिहास, आठवणी (म्हणजे आत्मकथन) आणि रहस्यकथा. पहिली दोन नावं ऐकून माना डोलतील, तिसऱ्याला कपाळावर आठ्या पडतील. 'अभ्यास सोडून काय ता वाचत बसलंस?' हे वाक्य आपल्याकडच्या घरांत रहस्यकथा हातात असलेल्या मुलालाच जास्त ऐकावं लागतं. पण ही तिन्ही पुस्तकं मुलाला एकच सवय लावतात. समोर आलेल्या गोष्टीला 'कशावरून?' असं विचारायची सवय.

ही सवय आत्ताच का हवी?

कारण आपल्या मुलांचा इतिहास आता पाठ्यपुस्तकातून येत नाही, मोबाइलमधून येतो. 'हे तुम्हाला कुणीच सांगितलं नाही' अशा मथळ्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ येतो, मागे जोरदार संगीत असतं आणि मूल ते खरं धरून वर्गात येतं. सांगणारा कोण, त्याला हे कुठून कळलं, तो तिथे होता का, दुसरं कुणी तेच सांगतं का, यातला एकही प्रश्न त्याच्या मनात येत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याही मनात येत नाही, आपणही तो व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवतो. मोबाइल काढून घेऊन हे थांबणार नाही. प्रश्न विचारण्याची सवय लागली तर थोडंफार थांबेल.

रहस्यकथा : तपास कसा करतात

सुरुवात इथूनच करावी, कारण ज्या मुलाला पाच पानं सलग वाचवत नाहीत ते मूल रहस्यकथेची शंभर पानं वाचतं. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय त्याला राहवत नाही. वाचनाचा दम असाच वाढतो.

मराठीत याची परंपरा मोठी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं काढली की आजही साठीपुढच्या माणसांचे डोळे चमकतात. त्या पिढीतल्या कितीतरी लोकांना वाचनाची गोडी शाळेने लावली नाही, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून आणलेल्या अर्नाळकरांनी लावली. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिला. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला, काडीसारखा, सायकलवरून सुसाट सुटणारा बनेश फेणे. त्याच्याकडे पिस्तूल नाही की गाडी नाही, त्याच्याकडे फक्त डोळे उघडे ठेवण्याची सवय आहे. सत्यजित राय यांचा फेलूदाही अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठीत आहे, आणि शेरलॉक होम्स भालबा केळकरांनी आणला.

फेलूदाच्या कथांत एक गंमत आहे, ती मुलांना मुद्दाम दाखवावी. त्याच्या सोबत लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू नावाचे लेखक असतात. ते स्वतः खपाऊ साहसकथा लिहितात आणि त्यांत माहितीच्या ढोबळ चुका करून ठेवतात. फेलूदा त्या दाखवून देतो. म्हणजे रहस्यकथेच्या आतच लेखक आपल्याला सांगतो की छापलेलं सगळं खरं नसतं! हा धडा कुठल्या बोधकथेतून इतक्या सहज शिकवता येईल?

वर्गात एक साधी युक्ती करून बघा. कथा मोठ्याने वाचा आणि शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटा. मुलांना विचारा, तुमचा संशय कुणावर? नाव सांगून चालणार नाही, कशावरून ते सांगायचं. पुरावा पुस्तकातला हवा. 'तो दिसायलाच वाईट आहे' हा पुरावा नव्हे. एरवी गप्प बसणारी मुलं या तासाला पानं उलटून ओळ शोधायला लागतात.

रहस्यकथा म्हणजे सगळंच चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. काही जुन्या पुस्तकांत बायकांचं चित्रण आज वर्गात वाचवणार नाही असं आहे, काहींत मारामारी नको तितकी आहे, आणि नारायण धारपांच्या भयकथा सहावीतल्या मुलाला देऊन त्याची झोप उडवण्यात अर्थ नाही. शिक्षकाने आधी वाचावं, मग द्यावं. हा नियम चरित्राला लागू आहे तसाच रहस्यकथेलाही.

आठवणी : साक्षीदाराचं कसं ऐकायचं

तपासात साक्षीदार लागतात. आत्मकथन म्हणजे साक्षच. तो माणूस तिथे होता, त्याने पाहिलं, सोसलं. पण साक्षीदार विसरतो, काही लपवतो, काही रंगवतो. म्हणून त्याचं आदराने ऐकायचं आणि जपूनही ऐकायचं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. कर्ज झालेलं, उत्तरेत मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा मिळणार असं कळल्यावर ते 1857 साली निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. 1858 साली इंग्रजांनी झाशीला वेढा दिला तेव्हा ते शहरात होते. लुटले गेले, जिवावरच्या प्रसंगांतून सुटले आणि अखेर गावी परतले. हे सगळं त्यांनी लिहिलं मात्र 1883 च्या सुमारास, म्हणजे जवळपास पंचवीस वर्षांनी, आणि पुस्तक छापलं गेलं ते 1907 साली.

आता आठवी-नववीच्या मुलांना या पुस्तकातला एखादा भाग वाचायला द्या आणि वहीत दोन रकाने करायला सांगा : 'स्वतः पाहिलं' आणि 'ऐकलं'. झाशीतला वेढा पहिल्या रकान्यात जाईल. वाटेत शिपायांनी सांगितलेल्या हकिगती दुसऱ्या रकान्यात. मग विचारा, पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट तुमच्या आजोबांना जशीच्या तशी आठवते का? कुठला भाग पक्का आठवतो आणि कुठला पुसट होतो? एका तासात मुलांना साधन म्हणजे काय ते कळतं. 'इतिहासाची साधने : लिखित, भौतिक, मौखिक' अशी व्याख्या दहा वेळा लिहून काढण्यापेक्षा हे बरं.

आठवणींचा दुसरा उपयोग याहून मोठा. राजे आणि लढाया सोडून बाकीची माणसं तिथे भेटतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने आली. जिला शाळा फारशी मिळाली नाही अशा बाईने लिहिलेलं हे पुस्तक आज नव्वद वर्षांनीही ताजं वाटतं, कारण ती स्वतःवर हसू शकते. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' 1910 चं. शिकायचं म्हटल्यावर घरातल्याच बायकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यात आहे. आपल्या मुलींनी ते वाचायलाच हवं. दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 चं. ही पूर्ण पुस्तकं मोठ्या मुलांसाठी, पण निवडक पानं शिक्षकाने वाचून दाखवता येतात. गावाबाहेरच्या वस्तीतून गाव कसं दिसत होतं हे या पुस्तकांनी सांगितलं नसतं तर आपल्या इतिहासाच्या तासाला ते कधी कळलंच नसतं. आणि आपल्या जिल्ह्यातल्या करूळचे मधु मंगेश कर्णिक यांचं 'करूळचा मुलगा' आहेच. आपल्यासारख्याच लाल मातीतल्या मुलाने लिहिलेलं पुस्तक हाती आलं की मुलाला वाटतं, मग माझंही लिहिण्यासारखं असेल.

इतिहास : निवाडा कसा करतात

आता तिसरं पुस्तक. इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणं, असं मुलांना वाटतं कारण आपण निकाल शिकवतो, तपास शिकवतच नाही. एकच उदाहरण घेऊ, आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं.

शिवजयंती वर्षातून दोनदा का होते? तारखेने 19 फेब्रुवारी आणि तिथीने फाल्गुन वद्य तृतीया, एवढं उत्तर आपण देतो. पण पूर्वी तिसराही दिवस होता, वैशाख शुद्ध द्वितीया. मग महाराजांचा जन्म नक्की केव्हाचा? ही खरी रहस्यकथा आहे, आणि तिचा तपास शंभर वर्षं चालला.

बराच काळ शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे 1627 साल मानलं जाई. आधार होता नंतरच्या काळात लिहिलेल्या बखरींचा. 1900 साली टिळकांनी 'केसरी'तून या तिथीची चर्चा केली. पुढे भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे सालवार नोंदींची यादी. ती 1916 साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीयेचा! म्हणजे 1630 साल. एका घरातल्या कागदाने सगळ्यांचं उत्तर बदललं.

पण एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नसतो. मग कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' उजेडात आलं आणि 1927 साली छापलं गेलं. महाराजांच्याच काळातलं हे संस्कृत काव्य, त्यातही तीच तिथी. राजस्थानात सापडलेल्या एका जन्मकुंडलीनेही तोच दिवस दाखवला. तीन वेगवेगळ्या ठिकाणचे, एकमेकांशी संबंध नसलेले कागद एकच गोष्ट सांगत होते. तरी वाद चालूच राहिला. 1966 साली शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, आणि 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख शासनाने अधिकृतपणे स्वीकारली ती 2001 साली.

गणिताच्या शिक्षकांनाही यात सामील करून घ्या. शकाचं इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79. म्हणून शके 1549 चा वैशाख म्हणजे 1627, आणि शके 1551 चा फाल्गुन म्हणजे 1631 किंवा 1629 नव्हे, 1630. मुलांना स्वतः काढू द्या.

काही पालक म्हणतील, महाराजांविषयी असले प्रश्न मुलांना कशाला? मला उलट वाटतं. ज्यांनी ही तारीख शोधली त्यांच्या मनात महाराजांविषयी आदर कमी होता का? आदर होता म्हणूनच ते इतकी वर्षं कागद शोधत हिंडले. वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी 1898 साली काढला आणि पुढे खंडांमागून खंड काढत राहिले. प्रश्न विचारणं हा अनादर नव्हे.

इथे एक काळजी घ्यावी. रणजित देसाईंची 'स्वामी' (1962) किंवा विश्वास पाटलांची 'पानिपत' (1988) मुलांनी जरूर वाचावी, पण त्या कादंबऱ्या आहेत हे सांगून. माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले हे लेखकाने कल्पनेने लिहिलं आहे. कादंबरीतला संवाद उत्तरपत्रिकेत इतिहास म्हणून उतरतो, तेव्हा चूक मुलाची नसते. फरक आपण सांगितलेला नसतो.

इंग्रजीत जोसेफिन टे या लेखिकेची 'द डॉटर ऑफ टाइम' नावाची 1951 ची कादंबरी आहे. पाय मोडून दवाखान्यात पडलेला एक पोलीस अधिकारी पलंगावरूनच तपास करतो, पण गुन्हा साडेचारशे वर्षांपूर्वीचा : राजा तिसऱ्या रिचर्डने आपल्या पुतण्यांना खरंच मारलं का? त्याच्या ध्यानात येतं की रिचर्डला खुनी ठरवणारं लिखाण त्याला हरवून गादीवर आलेल्या घराण्याच्या काळातलं आहे. त्याचा निष्कर्ष सगळे इतिहासकार मानत नाहीत, पण 'हे लिहिलं कुणी आणि कुणाच्या राज्यात?' हा त्याचा प्रश्न आपल्या मुलांनाही विचारता आला पाहिजे.

आपल्या आजूबाजूला

कसालहून मालवणचा रस्ता फुटतो. सहल निघाली की आपण त्याच रस्त्याने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातो. 1664 साली बांधायला घेतलेला हा किल्ला. होडीतून जाताना मुलांना एक काम द्या : दरवाजा शोधा. अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. का लपवला असेल? आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी, मग हे गोडं कुठून? महाराजांच्या हातापायाचे म्हणून दाखवले जाणारे ठसे आहेत. त्यांना नमस्कार करावाच, आणि ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या कुणी जपली तेही विचारावं. एका फेरीत रहस्य, आठवण आणि इतिहास तिन्ही होतात.

घरचाही एक अभ्यास सांगतो. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. मुलांनी आजी-आजोबांना विचारावं : त्याआधी जिल्ह्याच्या कामाला कुठे जात होतात, जायला किती वेळ लागायचा, मुक्काम कुणाकडे करायचात? ओरोसला मुख्यालय झालं, त्याआधी तिथे काय होतं? कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण सुरू झाली, त्याआधी मुंबईचे चाकरमानी गणपतीला कसे यायचे? दोन घरांतल्या आठवणी जुळल्या नाहीत तर फार उत्तम. कुणाचं बरोबर, कशावरून, हे ठरवायला जुनं पत्र, तिकीट, फोटो, सातबारा यांतलं काहीतरी शोधावं लागेल. आणि ही माणसं आहेत तोवरच विचारून घ्यायला हवं. दरवर्षी आपल्या गावातली दोन-चार साक्षीदार माणसं कमी होतात, त्यांच्याबरोबर जे जातं ते कुठल्याच ग्रंथालयात मिळत नाही.

काय करता येईल?

1. वीस-पंचवीस पुस्तकांचं उघडं फळकूट. कुलूप नाही. तिन्ही प्रकार मिसळून. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर ते वापरलं गेलं असं समजावं, आणि मुख्याध्यापक व व्यवस्थापन समितीने तसा ठरावच करून ठेवावा. शिक्षकाच्या खिशातून भरपाई घ्यायची असेल तर कुठलाच शिक्षक कपाट उघडणार नाही.

2. विकत घेणं जमत नसेल तर गावातल्या, तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी बोलावं. महिन्याला पंधरा पुस्तकं बदलून मिळाली तरी पुरे.

3. 'कशावरून?' वही. प्रत्येक पुस्तकासाठी तीन ओळी : काय सांगितलं, कुणी सांगितलं, कशावरून. सारांश नको, तात्पर्य नको.

4. पालकांसाठी एकच गोष्ट. जेवणानंतर पंधरा मिनिटं मुलाने मोठ्याने वाचावं, आपण ऐकावं. 'काय शिकलास?' असं विचारू नये. 'तुला कुणावर संशय आहे?' असं विचारावं.

काहीजण म्हणतील की अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठून? आठवड्यातला एक तास पुरतो. आणि ज्या मुलाला पुराव्यासाठी पान उलटायची सवय लागली, ते मूल उताऱ्यावरचे प्रश्न, विज्ञानातली निरीक्षणं, इतिहासातलं 'कारणे द्या' हे सगळं कमी कष्टात करतं, असा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. 'कशावरून?' शिकलेलं मूल तो प्रश्न एक दिवस आपल्यालाही विचारणार. वर्गात, घरात, सगळ्यांसमोर. तेव्हा डोळे वटारायचे नाहीत. 'चल, मिळून शोधू' म्हणायचं आणि पुस्तक काढायचं. तुमच्या शाळेतल्या, घरातल्या मुलांना या तीन प्रकारांतलं कुठलं पुस्तक भावलं ते जरूर कळवा, म्हणजे सगळ्यांना उपयोगी पडेल अशी यादी वाढवता येईल.